कोणी वापरतं का हे? : जुन्या ड्रायव्हरांच्या निवृत्तीचा आढावा

रामदासपेठ म्हटलं की नागपूरकराला आधी दवाखाने आठवतात. एकेका इमारतीवर डॉक्टरांच्या सात-आठ पाट्या, खाली औषधाचं दुकान आणि फुटपाथवर एक्स-रेचं पाकीट सांभाळत उभे असलेले बाहेरगावचे नातेवाईक. याच पेठेतल्या एका गल्लीत तळमजल्यावर एक जुना फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे. त्याचे मालक साठी ओलांडलेले, आम्ही त्यांना काका म्हणतो. नवी लग्नं आता तरुण मुलं ड्रोन घेऊन टिपतात. काकांकडे लोक येतात ते जुन्या लग्नांसाठी. कपाटाच्या वरच्या फळीवर वीस वर्षं पडून असलेली मिनी-डीव्ही कॅसेट घेऊन येतात आणि म्हणतात, ‘यात बाबांचा आवाज आहे, मोबाइलमध्ये करून द्या.’

हे काम कसं होतं ते मी त्यांच्या शेजारी बसून अनेकदा पाहिलंय. काका कॅमेऱ्याच्या कडेचं रबरी झाकण नखानं उघडतात आणि चार पिनांच्या बारक्या तोंडात केबल बसवतात. केबलचं दुसरं, सहा पिनांचं टोक कॉम्प्युटरच्या मागे फायरवायर कार्डात जातं. मशीन असेंबल्ड आहे आणि त्यावर लिनक्स आहे. टर्मिनलवर डीव्हीग्रॅब नावाचा छोटा प्रोग्राम चालवला की कॅमेऱ्यातली कॅसेट आपोआप फिरू लागते. एक तासाची कॅसेट उतरवायला एक तासच लागतो आणि डिस्कवर सुमारे 13 जीबी जागा जाते. मध्ये केबलला धक्का लागला तर पुन्हा मागे घ्यायचं. यूएसबीनं हे बहुतेक कॅमेऱ्यांत नीट होत नाही, म्हणून सगळी भिस्त त्या कार्डावर आणि कार्ड ओळखणाऱ्या ड्रायव्हरवर.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या मशीनचा पॉवर सप्लाय गेला. नागपूरच्या मे महिन्यात जुनी मशीनं अशी जातातच. नवं मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा काकांनी मला विचारलं, ‘हे कार्ड नव्यात चालेल ना? आणि अजून किती वर्षं?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. दुसऱ्याचं शोधायला गेलो आणि लिनक्समधून जुने ड्रायव्हर कसे, का आणि कोणाला विचारून काढले जातात, या मोठ्या विषयात शिरलो.

कार्डाशी बोलायचं कसं, कुठल्या पत्त्यावर कुठला आकडा लिहिला की ते डेटा पाठवतं, चूक झाली की काय सांगतं, हे लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, उपजत माहीत नसतं. ते ज्या कोडमध्ये लिहिलेलं असतं तो ड्रायव्हर. जानेवारी 2025 मध्ये लिनक्स कर्नलचा कोड चार कोटी ओळींवर पोचला, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त ओळी ड्रायव्हरांच्याच आहेत. विंडोजमध्ये बरेचसे ड्रायव्हर ज्याची त्याची कंपनी देते. लिनक्समध्ये ते कर्नलच्याच कोडमध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत राहतात. जुन्या मशीनवर लिनक्स टाकलं की सीडी न शोधता सगळं चालू होतं, याचं कारण हेच.

मग पडून राहू द्यावा जुना ड्रायव्हर, खातो काय? हा प्रश्न मलाही पडला होता. तो खातो, आणि रोज खातो. लिनक्सनं बाहेरच्या प्रोग्रामांना एक शब्द दिलेला आहे: काल चालत होतं ते उद्या मोडणार नाही. कर्नलच्या आत मात्र असा कुठलाच शब्द नाही, आणि तो मुद्दामच दिलेला नाही. आतल्या जोडण्या सुधारायच्या तर त्या बदलायची मोकळीक हवी, अशी ही भूमिका ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नलबरोबरच्या एका लेखात सविस्तर मांडली आहे. याचा अर्थ असा, की आतलं एक फंक्शन बदललं की ते वापरणारा प्रत्येक ड्रायव्हर बदलावा लागतो. 2017 मध्ये केस कुक यांनी सुरक्षेसाठी टायमर लावण्याची पद्धत बदलायला घेतली, तेव्हा कर्नलभर विखुरलेल्या शेकडो फायलींना हात लावावा लागला. ज्याच्या फायलीला हात लागतो ते कार्ड बदल करणाऱ्याकडे नसतं. कोड कंपाइल झाला की तो पुढे जातो. अशा पाच-दहा बदलांतून गेलेला ड्रायव्हर खरोखर चालतो की नाही, हे ज्याच्याकडे कार्ड आहे तोच सांगू शकतो. कित्येकदा असं उघड झालंय, की एखादा ड्रायव्हर कित्येक वर्षांपूर्वीच मोडला होता आणि तक्रार एकाचीही आली नव्हती. तक्रार नाही म्हणजे वापरणारा नाही, हा निष्कर्ष तिथूनच निघतो.

दुसरं कारण सुरक्षेचं आहे, आणि ते माझ्या मते जास्त वजनाचं आहे. आपल्या मशीनमध्ये ते कार्ड नाही म्हणजे त्याचा ड्रायव्हर आपल्याला बाधत नाही, असं समजणं चूक आहे. 2017 मध्ये एन-एचडीएलसी नावाच्या, सिरियल जोडणीसाठीच्या एका जुन्या ड्रायव्हरात चूक सापडली. ती 2009 पासून तिथे होती. साध्या वापरकर्त्यालाही तो ड्रायव्हर कर्नलकडून आपोआप लोड करून घेता येत होता आणि त्यातून मशीनचा पूर्ण ताबा मिळवता येत होता. 2015 मध्ये गाजलेली ‘व्हेनम’ ही चूक तर फ्लॉपीची होती. क्यूईएमयू या सॉफ्टवेअरमध्ये आभासी मशीनसाठी जो नकली फ्लॉपी कंट्रोलर बसवलेला असतो, त्यात ती 2004 पासून होती. फ्लॉपी कधी पाहिलीही नसलेल्या लोकांचे सर्व्हर तिच्यामुळे धोक्यात आले. विंडोजही याला अपवाद नाही. एगियर कंपनीच्या फॅक्स-मोडेमचा ड्रायव्हर विंडोजबरोबर कित्येक वर्षं येत राहिला. मोडेम नसलेल्या मशीनवरही त्यातून हल्ला करता येतो, आणि हल्ले होतही आहेत, हे कळल्यावर मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर 2025 च्या अपडेटमध्ये तो दुरुस्त न करता सरळ काढून टाकला. ज्यांचे फॅक्स अजून त्या मोडेमवर होते त्यांचे त्या दिवशी बंद झाले.

लिनक्समधल्या निवृत्त्यांचा इतिहास पाहिला की लक्षात येतं, सगळ्या निवृत्त्या एका जातीच्या नसतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये लिनक्स लिहायला घेतलं ते स्वतःच्या 386 मशीनवर. त्याच 386 चा आधार 2013 च्या सुरुवातीला आलेल्या 3.8 आवृत्तीत काढला गेला, आणि त्यासाठी टोरवाल्ड्स अजिबात हळवे झाले नाहीत. त्या एका चिपसाठी नव्या चिपांच्या कोडला वर्षानुवर्षं वळसे घ्यावे लागत होते. 2012 च्या 3.5 मध्ये टोकन रिंग हे जुनं नेटवर्क गेलं. जून 2018 च्या 4.17 मध्ये आर्न्ड बर्गमन यांनी एका झटक्यात आठ प्रोसेसर-घराण्यांचा कोड काढला. त्याच आवृत्तीत इन्फ्रारेडचा आयआरडीए संचही गेला. दोन मोबाइल नाकाला नाक लावून ठेवायचे आणि गाणं पाठवायचं, ते तंत्र हेच. 2019 मध्ये आयएसडीएनचा जुना संच गेला. या सगळ्यांच्या बाबतीत ज्या जगासाठी ते लिहिले गेले ते जगच उठून गेलं होतं. इथे रडण्यासारखं काही नाही.

काही निवृत्त्या मात्र अशा झाल्या की वापरणाऱ्याला पत्ताही लागला नाही, आणि मला त्याच सर्वांत चांगल्या वाटतात. हार्ड डिस्कचा जुना आयडीई संच 2021 च्या 5.14 मध्ये काढला. त्याच्या कितीतरी आधीपासून ‘लिबएटीए’ हा नवा संच त्याच जुन्या डिस्क चालवत होता. चपट्या राखाडी केबलीची डिस्क कोणाकडे असेल तर ती आजही लिनक्सवर चालते. काकांच्या फायरवायरच्या बाबतीत तर हे एकदा होऊन गेलेलंच आहे. 2007 मध्ये फायरवायरचा नवा संच आला, जुना त्याच्या शेजारी काही वर्षं राहिला, आणि जानेवारी 2011 मध्ये 2.6.37 या आवृत्तीत जुना गेला. मधली लायब्ररी दोन्हींशी बोलत होती, त्यामुळे डीव्हीग्रॅबला काही फरक पडला नाही. काकांना विचारलं तर 2011 मध्ये काही झालं होतं हे त्यांना आठवणारही नाही. घराची वायरिंग बदलावी आणि दिवा एकदाही विझू नये, तसं हे काम.

2023 च्या 6.3 मध्ये एस-थ्री सॅव्हेज, एसआयएस, व्हिया अशा जुन्या ग्राफिक्स चिपांचे थ्री-डी ड्रायव्हर गेले. ही नावं नागपूरच्या बर्डीवरून असेंबल्ड मशीन घेतलेल्या पिढीला आठवतील. स्वस्त मदरबोर्डवर चिकटून आलेलं ग्राफिक्स बहुधा यांतलंच असायचं. तिथे स्क्रीन दिसत राहिली, वेग तेवढा गेला. मधल्या जातीची निवृत्ती म्हणावी अशी.

गेलेलं परत येतं का? येतं, आणि बंद सॉफ्टवेअरशी तुलना करताना खरा फरक इथेच पडतो. एच-8/300 नावाच्या जपानी प्रोसेसरचा आधार 3.13 मध्ये काढला होता. योशिनोरी सातो यांनी तो नीट करून 2015 मध्ये 4.2 आवृत्तीत परत आणला. पुढे सांभाळणारं कोणी उरलं नाही म्हणून 2022 मध्ये 5.19 मध्ये तो पुन्हा गेला. कोड गेला तरी इतिहासात राहतो, कोणालाही उचलता येतो. फ्लॉपीचंही तसंच. 2019 मध्ये फ्लॉपीचा ड्रायव्हर सांभाळणारे यिरी कोसिना यांच्याकडे चालू अवस्थेतला ड्राइव्हच उरला नाही, आणि टोरवाल्ड्स यांनी त्या ड्रायव्हरवर ‘अनाथ’ असा शिक्का मारला. तो शिक्का पाहून डेनिस एफ्रेमोव पुढे आले आणि त्यांनी जबाबदारी घेतली. ड्रायव्हर वाचला. रामदासपेठेतच नागपूर विद्यापीठाचं ग्रंथालय आहे. त्या परिसरात वावरलेल्या, नव्वदच्या दशकात प्रबंध टाइप करून घेतलेल्या कितीतरी प्राध्यापकांच्या घरी फ्लॉपीचे डबे असतील. त्यांना ठाऊकही नसेल, पण एफ्रेमोव यांचे उपकार त्यांच्यावरही आहेत.

उलट बाजू आपण मराठी माणसांनी जवळून पाहिलेली आहे. कॉम्प्युटरवर देवनागरी आणण्याचं मोठं काम पुण्याच्या सी-डॅकनं केलं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या कामातून मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेलं जिस्ट कार्ड मशीनच्या आयएसए खाचेत बसवलं की साध्या पीसीवर मराठी दिसायचं. आयएसए खाच मदरबोर्डवरून गेली तसं ते कार्डही गेलं. त्यामागचा इस्की हा संकेत 1991 मध्ये भारतीय मानक म्हणून छापील आणि खुला होता, म्हणून त्यातला मजकूर आज युनिकोडमध्ये आणता येतो. डीटीपीवाल्यांचं दुखणं वेगळं होतं. मराठी टाइपसेटिंगची काही पॅकेजं प्रिंटरच्या पॅरलल पोर्टात लावायच्या डोंगलवर चालायची. पोर्ट गेला, डोंगल निरुपयोगी झालं, त्याचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर आला नाही, आणि फाँटाचे संकेत ज्याचे त्याच्यापाशी. दिवाळी अंक, स्मरणिका, पुस्तकं यांच्या मूळ फायली अशा कुलूपबंद राहिल्या. आजही एखादा डीटीपी ऑपरेटर कोपऱ्यात एक जुनं मशीन केवळ त्या डोंगलसाठी जिवंत ठेवतो. तिथे ड्रायव्हर काढण्याआधी कोणी कोणाला विचारलं नव्हतं, आणि पुढे येऊन ‘मी सांभाळतो’ म्हणायची सोयही नव्हती.

दवाखान्यांच्या पेठेत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी बसलो होतो. रक्ततपासणीचं यंत्र तिथे सिरियल केबलनं रिपोर्ट पाठवतं. नव्या कॉम्प्युटरला सिरियल पोर्ट नाही, म्हणून यूएसबीचा कन्व्हर्टर आणलेला. विंडोजवर त्याच्यापुढे पिवळा त्रिकोण आला: ही चिप आता जुनी झाली, विक्रेत्याशी संपर्क करा. चिप बिघडलेली नव्हती. ज्या कंपनीची चिप, तिनंच नव्या ड्रायव्हरात तिला नाकारलं होतं. तोच कन्व्हर्टर लिनक्सच्या मशीनला लावला आणि पहिल्या दमात ओळखला गेला. बाहेर रिपोर्टसाठी बसलेल्या माणसांना यातलं काही माहीत नव्हतं, आणि माहीत असायचं कारणही नाही.

म्हणून तर बाजारात सल्ला मिळतो: मशीन जुनं आहे ना, लिनक्स टाका. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला, आणि विंडोज 11 ला जी सुरक्षा-चिप लागते ती नसलेली मशीनं घेऊन लोक या बाजूला वळले. ती भंगारात जाण्यापेक्षा चालत राहिली तर उत्तमच. पण लिनक्सही अमरपट्टा देत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 मध्ये 32-बिट मशीनसाठी इन्स्टॉलर नाही. उबंटूनं 32-बिटच्या डेस्कटॉप इमेज 2017 मध्येच थांबवल्या होत्या. हा सल्ला देणाऱ्यानं ‘किती वर्षांसाठी’ हेही सांगायला हवं.

या सगळ्या विषयाची खरी अडचण मला एकाच ठिकाणी दिसते. लिनक्स कर्नल कोणाच्या मशीनमध्ये काय आहे ते मोजत नाही. हे चांगलंच आहे, ते खासगीपण मला हवंय. पण त्यामुळे ड्रायव्हर काढताना हातात आकडा नसतो. असतो फक्त एक प्रश्न: कोणी वापरतं का हे? तो इंग्रजीत, ई-मेलवर, कर्नल लिहिणाऱ्यांच्या वर्तुळात विचारला जातो. काही महिने वाट पाहिली जाते, कधी ड्रायव्हर आधी ‘स्टेजिंग’ या वेगळ्या कप्प्यात ठेवला जातो, आणि उत्तर आलं नाही की काढला जातो. काका हा प्रश्न कधी ऐकणार? लॅबमधला तंत्रज्ञ कधी ऐकणार? त्यांच्या मशीनवर कर्नल दोन-चार वर्षं जुना असतो. ड्रायव्हर गेल्याचं त्यांना कळतं तेव्हा काढणाऱ्याला ती गोष्ट आठवतही नसते. जो बोलला नाही तो वापरत नाही, असं गृहीत धरलं जातं, आणि आपला अख्खा देश या गणितात जवळजवळ मुका आहे.

यावर ‘फुकट मिळतं तर तक्रार कसली’ असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. हे काम करणाऱ्यांवर आपला हक्क नाही, हे खरं. पण त्यांना माहिती हवी आहे, आणि माहिती देणं म्हणजे तक्रार नव्हे. ‘हे कार्ड, ही आवृत्ती, नागपुरात चालतंय’ एवढी दोन ओळींची साक्षही एखाद्या ड्रायव्हरचं आयुष्य वाढवू शकते. मोडक्या इंग्रजीत लिहिली तरी चालते. तिथे भाषेपेक्षा कार्डाचा नंबर महत्त्वाचा असतो. व्हीएनआयटी आणि नागपूरच्या आसपासची इतकी इंजिनीअरिंग कॉलेजं, त्यांच्या स्टोअररूममध्ये वीस वर्षांचं हार्डवेअर पडलेलं आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी ते झटकून नव्या कर्नलवर लावून पाहावं आणि काय चालतं, काय मोडलंय ते कळवावं. यापेक्षा उपयोगी प्रोजेक्ट मला सुचत नाही. लिनक्स फाउंडेशनच्या, शुआ खान चालवत असलेल्या मेंटरशिपमध्ये अशीच मुलं घेऊन त्यांना कर्नलचं काम शिकवतात.

ज्यांना बदल नकोच आहे त्यांच्यासाठीही वाट आहे. दरवर्षी एक कर्नल दीर्घकाळ सांभाळण्यासाठी निवडला जातो, आणि त्याला निदान दोन वर्षं दुरुस्त्या मिळतात. वीजकेंद्रं, रेल्वे अशा ठिकाणांसाठी सीमेन्स, तोशिबा, हिताची यांनी 2016 मध्ये सुरू केलेला सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म काही कर्नल दहा वर्षांपर्यंत सांभाळतो. दवाखान्यात यंत्र जोडणाऱ्यांनी ही नावं माहीत करून घ्यावीत. तशा मशीनला इंटरनेटपासून तोडून ठेवावं, हेही आलंच.

आता काकांचा दुसरा प्रश्न. फायरवायर म्हणजे 1995 चं आयईईई 1394 मानक. त्याला घरोघर नेणाऱ्या ॲपलनं 2025 च्या मॅकओएस 26 मधून ते काढलं. लिनक्समध्ये 2023 साली ताकाशी साकामोतो यांनी त्याची जबाबदारी घेतली. हे गृहस्थ आधीपासून फायरवायरच्या ध्वनी-यंत्रांचे ड्रायव्हर लिहीत होते. जबाबदारी घेतानाच त्यांनी सांगून ठेवलं, की मी हे 2029 पर्यंत सांभाळीन, तोवर वापरणाऱ्यांनी दुसरीकडे जायची तयारी करावी. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत सभ्य निरोप वाटतो. एक माणूस, एक तारीख आणि हातात सहा वर्षं. मुकाट्यानं काढणं नाही, आणि कायम ठेवू असं खोटं आश्वासनही नाही. प्रत्येक ड्रायव्हरला असा सांभाळणारा मिळत नाही, पण जिथे मिळतो तिथे ती तारीख वापरणाऱ्यापर्यंत पोचवणं हे आपल्यासारख्या मधल्या माणसांचं काम आहे.

काकांच्या नव्या मशीनमध्ये पीसीआय-एक्सप्रेसचं फायरवायर कार्ड बसवलं. कर्नलनं ते ओळखलं, आणि ते चालल्याची दोन ओळींची नोंद मी कळवली. काकांच्या काउंटरमागे अजून दोन खोकी कॅसेटी आहेत. त्यांतल्या काही गिऱ्हाइकांनी ठेवून दिलेल्या आणि पुन्हा न्यायला न आलेल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी त्यांनी स्केचपेननं 2029 असा आकडा लिहून ठेवलाय. कॅमेऱ्यांची डोकी त्याआधीच झिजतील, अशी त्यांना जास्त काळजी आहे, आणि ती रास्त आहे.

तुमच्या घरी मिनी-डीव्ही कॅसेट असेल तर ती शोधा, आणि येत्या दिवाळीच्या आत उतरवून घ्या.